मिटा गं, उघडा गं

कर्जतच्या बायकांनी पिक्चरमधलं भूत कधी पाह्यलंच नाय. खोटं वाटत असेल तर पत्र्याच्या थेटरात तीनच्या खेळाला जाणाऱ्या कुठल्याबी बाईला विचारा. भुताच्या आधी काय झालं ते सांगेल, भुताच्या नंतर काय झालं ते सांगेल, भूत तेवढं सांगणार नाय. कारण भूत यायच्या टायमाला आमचे डोळे मिटलेले असायचे. सगळ्यांचे, एकदम. बॅटरीवाली मावशी अंधारातनं वरडायची, "मिटा गं!" आन आमी मिटायचो, आन ती "उघडा गं!" म्हणेपर्यंत काय वाट्टेल ते वाजू दे, कुत्री रडू दे, दारं आपटू दे, उघडायचो नाय.

मी चौथीपर्यंत शिकले, पाचवीत नाव घातलं तर आई आजारी पडली, मंग कसली शाळा. त्यामुळं लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. बारकी झोपलीय तवर लिहून घेते, ती उठली की राहिलंच.

मावशीचं खरं नाव आमाला कुणालाच ठावं नव्हतं. थेटरात बायकांची बाजू डावीकडं, पुरुषांची उजवीकडं, मधी तरटाचा पडदा. बायकांच्या दारावर मावशी. तिकिटं फाडायची, बाकावर बसवायची. हडकुळी, उंच, काष्ट्याचं लुगडं आन त्यावर खाकी शर्ट, मालकानं दिलेला, वरचं बटण गळ्याशी लावलेलं, उन्हाळा असला तरी. मनगटाला सुतळीनं बांधलेली तीन सेलांची बॅटरी. ती बॅटरी उजेडापेक्षा गुडघ्यावर मारायला जास्ती वापरायची. "सरक की गं, तुझ्या बापाचा बाक हाय?" असं म्हणायची आन टक्कदिशी गुडघ्यावर. मोठ्या मोठ्या घरच्या बायांना पण. कुणाची बिशाद नव्हती.

मागच्या बाजूला एक लोखंडी दांडा होता, भिंतीपासनं भिंतीपर्यंत. त्याला आमी पोरांच्या झोळ्या बांधायचो. मावशी प्रत्येक झोळीची गाठ सोताच्या हातानं ओढून बघायची, मंग सगळ्या झोळ्यांना एकच दोरी ओवायची आन त्या दोरीचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. दाराशी स्टुलावर बसून अंगठा हलवला की सात-सात, आठ-आठ पोरं एकदम हलायची. एखादं रडलं तर मावशी न बघता सांगायची, "तिसरं कुणाचं गं? भुकेलंय." कुणाचं ते बरोबर निघायचं.

आता डोळे मिटायचं कसं ठरायचं ते सांगते. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं. शुक्रवारी नवीन पिक्चर लागलं की बाराच्या खेळाला ती एकटी बायकांच्या बाकांमधी उभी राहून सगळं बघायची, शेंगा खात, डोळ्याची पापणी न हलवता. हातात सुतळी. भ्यायचं काय यायला लागलं की सुतळीला बारकी गाठ, ते सरलं की मोठी गाठ, गाणं आलं की शेंगेच्या टरफलाचा तुकडा गाठीत अडकवायची. झालं तिचं पुस्तक. मंग तीनच्या खेळाला अंधारात अंगठ्याखालनं ती सुतळी सरकवायची आन वरडायची.

बरं, नुसत्या भुताला मिटा म्हणत नसे. तिचं तिचं गणित होतं. साप निघाला, वाघ निघाला तर काय नाय, "बघा गं, जनावर हाय, खोटं नसतं." पण नवरा बायकोला मारायला लागला की, "मिटा गं! हे काय तिकीट काढून बघायचं? घरी कमी हाय?" सासू सुनेला चटका देणार की मिटा. पोलीस घरात शिरले की मिटा. बाई विहिरीकडं चालायला लागली की मिटा. त्यामुळं आमचं प्रत्येक पिक्चर भोकं भोकं पडलेलं. घरी गेलं की आमचे हे विचारायचे, कारण ते भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर कामाला, शिफ्ट सुटली की त्यांनी पण रातचा खेळ बघितलेला असायचा.

"ती हवेलीतली म्हातारी कसली डेंजर होती ना गं?"

"कुठली म्हातारी?"

"अगं जिनं त्या हिरोच्या भावाला मारलं!"

"भाऊ मेला? मला वाटलं तो मुंबईला गेला."

हे हसून हसून खाली पडायचे. "अर्ध्या तिकिटात सोडलं पाह्यजे तुमाला," म्हणायचे.

तरटाच्या पलीकडनं पोरं पण चिडवायची. "मावशे, आमी पण मिटलेत, कवा उघडू?" मावशी लगेच, "तू कायमचेच मीट रं, तुझ्या आईला बरं वाटंल!" मंग सगळं थेटर हसायचं, आन भूत तिकडं एकटंच नाचत राह्यचं.

एकदा पुण्याची एक नवी नवरी आली होती, शिकलेली, ती म्हणाली, "मी पैसे भरलेत, मी डोळे मिटणार नाही." मावशीनं काय भांडण केलं नाय. तिला उचलून एकदम पुढच्या कडेच्या बाकावर बसवलं. "हा उघड्या डोळ्यांचा बाक. बस. तुला कोण काय बोलणार नाय." इंटरवलनंतर ती बाई गुपचूप येऊन आमच्यात घुसली. मावशीनं बॅटरी तिच्या तोंडावर मारली, बघितलं, आन नुसतं "हं" केलं. म्हणायची, "डोळा तुमचा येकटीचा हाय गं, पण भ्या अख्ख्या घराला चढतं."

मी तर जन्माची भित्री. पाल दिसली तरी भिते, चुलीत लाकूड फुटलं तरी छातीत धस्स होतं. मला तर भुताच्या पिक्चरला जायचं काय काम, असं आत्याबाई म्हणायच्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पण मी मावशीच्या भरवशावर जायची. भुताच्या पिक्चरला जाऊन भूत न बघता यायचं ह्यात पण मजा असते, ती भित्र्यालाच कळते.

मावशीची एक गोष्ट मात्र आमाला कळत नव्हती. पिक्चरच्या आधी सरकारी फिल्म दाखवायचे, दहा-बारा मिनिटांची, धरण, शेतं, लस टोचणी, असलं काय काय. घंटा वाजून ती फिल्म सुरू झाली की मावशी भायर. भायर जाऊन पत्र्याला पाठ लावून मिशेरी लावत बसायची, ऊन असो, पाऊस असो. आमाला वाटायचं मिशेरीची तलफ हाय, दुसरं काय.

बारकी झाली आन सव्वा महिना सरल्यावर, म्हणजे ती दोन महिन्यांची होत आली होती, तवा एक पिक्चर लागलं. नाव नाय सांगत. नाव घेतलं की मला आजबी कसं तरी होतं. शुक्रवार होता. बारकीला झोळीत न घालता मी मांडीवरच घेतलं होतं, पीत होती. मावशी सरकारी फिल्मच्या टायमाला गेली ती त्या दिवशी उशिरा आत आली, आन आल्यावर झोळ्यांच्या गाठी ओढून बघितल्या नायत. मला ते तवाच खटकलं, पण मी म्हटलं असेल काय तरी.

इंटरवलनंतर मावशी वरडली, "मिटा गं!" आमी मिटले. जरा वेळानं वरडली, "उघडा गं, गाणं हाय!" आमी सगळ्यांनी उघडले, मोठे मोठे करून, गाणं बघायचं म्हणून.

गाणं नव्हतं. फिल्मच्या डब्यांची अदलाबदल झाली होती, मशीनवाल्यानं पुढचा डबा मागं आन मागचा पुढं लावला होता. मावशीची सुतळी म्हणत होती गाणं, आन पडद्यावर एक बाई पाळण्याकडं चालली होती. पाळण्यात पोर भिंतीकडं तोंड करून झोपलेलं. तिनं त्याला आपल्याकडं फिरवलं. ते तान्हं पोर हसलं आन त्याच्या तोंडात सगळे दात होते. वरचे, खालचे, मोठ्या माणसाचे. आन त्या बाईनं त्याला छातीशी घेतलं.

सगळ्या बाया किंचाळल्या. झोळीतली पोरं उठली. मावशी "मिटा, मिटा" करत राह्यली पण आता मिटून काय. मी मिटले तर आत तेच. आन नेमकं त्याच टायमाला बारकीनं जरा जोरानं ओढलं. मी तिला अशी फटकन बाजूला केली की शेजारच्या बाईनं धरली म्हणून, नायतर खाली पडली असती.

घरी येईपर्यंत माझं अंग गार. रातीला बारकीला घ्यायला गेले तर हात पुढं होईनात. आधी तिच्या तोंडात बोट घालून बघायचं, वरनं, खालनं. बोळकं होतं हो, नुसत्या हिरड्या, मला काय दिसत नव्हतं का? पण ती तोंड उघडून माझ्याकडं यायला लागली की मी मागं सरकायची. शनवारी दुपारपर्यंत दूध आटलं. दाबलं तरी थेंब नाय. आत्याबाईंनी आळीव दिले, खोबरं दिलं, मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. काय उपेग नाय. बारकी शेळीचं दूध वाटीनं पिऊन वकायची. सोमवारपर्यंत तिचं तोंड एवढुसं झालं.

आत्याबाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी सरळ सांगितलं. "खालापूरला तुझ्या थोरल्या जावंचं पोर पाच महिन्यांचं हाय. तिला दूध भरपूर. रविवारी थोरला येतोय, त्याच्यासंगं बारकीला धाडायची. दोघांना पाजंल ती. तुझं आलं की आणू परत."

मी म्हटलं, "आन नाय आलं तर?"

आत्याबाई भांडी घासत राह्यल्या. मला कळलं. एकदा पोर दुसरीच्या अंगावर गेलं की मंग मी तिची कोण? रविवारपर्यंत दूध आलं पाह्यजे, एवढंच माझ्या डोक्यात. आन जेवढं ते डोक्यात, तेवढं ते जास्ती आटायचं.

सोमवारी दुपारी मावशी आमच्या दारात उभी. खाकी शर्ट नव्हता, त्यामुळं मी वळखलंच नाय पहिल्यांदा. आत्याबाई उठून उभ्याच राह्यल्या.

"आलीस? बघ, तुझ्या वरडण्यानं काय झालं बघ. पोर वाळली माझी!"

"व्हय," मावशी म्हणाली. "माझीच चूक. सुतळी बघत बसले, पडदा बघितला नाय. सुतळीला काय डोळे असतात?" आन खाली बसली, बोलावल्याशिवाय. बारकीला मांडीवर घेतलं, तिच्या तोंडात बोट घातलं, मी घालते तसंच. "बोळकं हाय," म्हणाली.

"मला ठावं हाय," मी म्हटलं आन रडायला लागले.

"तू पुढचं बघितलं नायस ना? पळालीस घरी. सगळ्याच पळाल्या. अगं, पुढं कळतं की ते त्या बाईच्या मनाचंच होतं, पोर साधंच होतं. तू अर्धं बघितलंस. अर्धं बघितलेलं डोळ्यात राहतं. गुरुवारी शेवटचा खेळ, मंग डबे दुसऱ्या गावाला जातील आन तुझं अर्धं तुझ्याकडंच ऱ्हाईल. चल, परत बघ. पुरतं बघ."

"मेले तरी नाय!"

"रविवारी पोर जाणार म्हणतात ना?"

हे तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मला इतका राग आला. मी म्हटलं, "तुमाला काय जातंय बोलायला मावशी? तुमाला भ्याच ठावं नाय. उभ्या राहून शेंगा खाता भुतासमोर!"

मावशीनं बारकीची टोपी सारखी केली, परत सारखी केली. मंग जे बोलली ते अशा आवाजात बोलली, जसं कुणी बाजाराचं सांगावं.

तिचं गाव कुंभिवलीच्या पुढं, रस्त्यापासनं आत. तिथं एकदा सरकारी जीप आली होती, देवीची लस टोचायला, आन त्यांच्यासंगं फिल्म काढणारे. मावशीची पोरगी सात वर्सांची. सकाळीच भोकाड पसरून बसली, सुई टोचतील म्हणून. "मी बोलले, नाय गं टोचत, गोड दवाई देतात. खोटं बोलले. मला मजुरीला जायचं होतं, तिला रांगेत उभी केली आन गेले. सांजच्याला आले तर हुंदके देत झोपलेली. माझ्याशी दोन दिस बोलली नाय."

त्याच वर्सी आषाढात हगवणीच्या साथीत पोरगी गेली. "देवीनं नाय गेली. देवी टोचलेली होती ना," मावशी म्हणाली. नवरा आधीच गेलेला. मंग ती कर्जतला आली, थेटरात लागली. लागल्यावर महिन्याभरात एक दिवस सरकारी फिल्म सुरू झाली, आन पडद्यावर रांग, आन रांगेत तिची पोरगी. फुलाफुलांचा झगा, मावशीनंच हातानं शिवलेला, एक बाही आखूड. सुई लागली आन तिनं तोंड वासलं, हे एवढं, भिंतीएवढं.

"फोटो नाय आमच्याकडं एक पण. आन दिसली ती अशी. मी भायर पळाले. तवापासनं जातेच भायर. ती फिल्म फिरून फिरून येते, कवा येईल सांगता येत नाय, म्हणून सगळ्यांनाच जाते. शुक्रवारी तीच होती. भायर आवाज आला ना मला. म्हणून तर माझं ध्यान सुतळीवरनं…" एवढं बोलली आन उठली. दारात वळून म्हणाली, "मला भ्या ठावं हाय. भुताचं नाय एवढंच."

ती दिसेनाशी होईपर्यंत आत्याबाई दारातनं बघत राह्यल्या. मंग म्हणाल्या, "बुधवारी जा. जिथं लागलं तिथंच उतरंल."

बुधवारी मी गेले, बारकीला घेऊन. घंटा वाजली, सरकारी फिल्म लागली, मावशी उठून भायर. मी बसले, कारण मला खरं तर ती पोरगी बघायची होती. काळीपांढरी फिल्म, कोण तरी माणूस बातम्या सांगतात तसं बोलत होता. रांग आली. आखूड बाही मी लगेच वळखली. सुई, आन ती रडली. बाकीच्या बाया शेंगा सोलत होत्या, त्यांना काय. मी बघत राह्यले. मंग नदी दाखवली, दवाखाना दाखवला, एक डाक्टरीण दाखवली, मला वाटलं सरली. आन एकदम शेवटाला परत तेच गाव. जीप चाललीय, पोरं मागं पळतायत, आन ही पोरगी पळत नाय, उभी हाय, दंडाला कापूस धरलेला, आन बघता बघता हसली. आमच्याकडंच बघून हसली. मंग संपली फिल्म.

मी तशीच भायर पळाले. मावशी पत्र्याला टेकून बसलेली. मी म्हटलं, "मावशी, ती हसती! शेवटाला हसती!"

मावशी उभी राह्यली. मला वाटलं मारते आता. "खोटं बोलू नको. रडत गेली घरी. मी बघितलंय."

"तुमी कुठं पुरतं बघितलंय? तुमीच म्हणालात अर्धं…"

"जा घरी!" ती वरडली. "पोराला घेऊन जा घरी, जा!"

मी घरी गेले. पुढचं पिक्चर बघितलंच नाय. दूध नायच. आत्याबाईंनी बारकीची दुपटी धुवून वाळत घातली, खालापूरला न्यायची म्हणून.

मावशी आता कर्जतला नाय. मागच्या साली तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, मालकानं खाकी शर्ट परत घेतला आन ती गावाकडं भावाकडं गेली. दारावर आता एक पोऱ्या हाय, तो काय मिटाबिटा म्हणत नाय. परवा एका बाईनं सांगितलं की आताशा बाया डोळे उघडे ठेवून बघतात आन घरी जाऊन झोपत नायत. लोखंडी दांडा काढला, तिथं पंखा लावला. माझी बारकी चार वर्सांची झाली. मला थेटरात जायला होत नाय, दुसऱ्याचे दिवस भरत आलेत. पण तो गुरुवार सांगायचा राह्यलाय.

गुरुवारी दुपारी मावशीनं निरोप धाडला नाय की काय नाय. मीच गेले. का गेले ते मला सांगता येत नाय. रविवार तीन दिवसांवर होता, घरात बसून काय करायचं होतं? दारात मावशीनं माझं तिकीट फाडलं, माझ्याकडं बघितलं नाय. बारकीला झोळीत घालू दिलं नाय, "मांडीवर घे," म्हणाली.

घंटा वाजली. मावशी दारापर्यंत गेली. तिथं थांबली. मंग परत आली, अंगठ्याची दोरी सोडली, आन माझ्या शेजारी बाकावर बसली. आठ वर्सांत तिला बाकावर बसलेली कुणी बघितली नव्हती. शेजारची बाई सरकली, मावशीनं न सांगता.

"तू सांग," मावशी माझ्या कानात म्हणाली. "कवा मिटू, कवा उघडू, तू सांग. तू बघितलंयस." आन माझा हात धरला, बॅटरीसकट.

मी? पडद्यावर जीप आली, धूळ उडाली, शाळेची ओसरी आली, रांग आली. पहिलं पोर, दुसरं पोर, मला आखूड बाही दिसली आन मी घाबरून, कानात सांगायचं ते सोडून, जोरातच वरडले.

"मिटा गं!"

आन सगळ्या थेटरातल्या बायांनी डोळे मिटले. सवय होती ना. कुणी विचारलं नाय की सरकारी फिल्मला कशाला. पन्नास-साठ बाया, शेंगा हातात, डोळे घट्ट. तरटाच्या पलीकडनं पण कुणी चिडवलं नाय, ही कोण नवीन वरडली म्हणून सगळे गप्प झाले असतील.

माझे तेवढे उघडे. कुणी तरी उघडे ठेवायला पाह्यजे होते, नायतर उघडा कोण म्हणणार? सुई आली. पोरीनं तोंड उघडलं, भिंतीएवढं, मावशीनं सांगितलं तसं, आन त्या माणसाच्या बोलण्याच्या मागनं तिचं रडणं ऐकू आलं, आई गं, आई गं. मावशीची नखं माझ्या हातात रुतली. मी बघत राह्यले. पोर रडतंय आन त्याला घ्यायला कुणी नाय, एवढंच मला दिसत होतं, दातबित काय आठवलं नाय. आन माझ्या छातीत कळ आली, सुया टोचल्यासारखी, आन पोलकं ओलं झालं. दोन्हीकडनं. मला आधी कळलंच नाय काय ते.

नदी गेली. दवाखाना गेला. डाक्टरीण गेली. मी मनात म्हणत होते, चुकू नको, चुकू नको, डबा उलटा लागला असेल तर? जीप चालली. पोरं पळाली.

"उघडा गं," मी म्हटलं. "मावशी, उघडा."

सगळ्या बायांनी उघडले. पडद्यावर पोरगी दंडाला कापूस धरून उभी, आन हसली.

मावशीनं माझा हात सोडला. पुढं वाकली, पुढच्या बाकावर हात टेकून, जवळनं बघायचं असल्यासारखी. फिल्म सरली, पडदा नुसता पांढरा झाला, तरी बघत राह्यली.

"वरचा पडलेला," ती म्हणाली. "बघितलास? वरचा दात नाय. त्याच आठवड्यात पडलेला. दोघींनी मिळून कौलावर टाकला होता." जरा थांबून म्हणाली, "मी इसरलेच होते गं."

मंग तिनं बॅटरी पेटवली, माझ्या ओल्या पोलक्यावर मारली, आन माझ्या गुडघ्यावर टक्कन एक दिली.

"बघत काय बसलीस? पाज की पोरीला."